मेंदूच्या रुग्णाची शुश्रूषा: दुसरी इजा टाळण्याचे काम

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून मेंदूला किंवा मणक्याला इजा झालेला रुग्ण दवाखान्यात पोहोचतो, तेव्हा नातेवाइकांचे सारे लक्ष दोन गोष्टींवर लागलेले असते: स्कॅनमध्ये काय आले, आणि ऑपरेशन करावे लागणार का. हे स्वाभाविकच आहे. परंतु अपघाताच्या किंवा झटक्याच्या क्षणी मेंदूची जी हानी होऊन गेलेली असते, तिचा बराच भाग कोणालाही परत आणता येत नाही. त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत जी हानी होऊ शकते, म्हणजे प्राणवायू कमी पडल्यामुळे, रक्तदाब घसरल्यामुळे, मेंदूची सूज वाढल्यामुळे, ताप चढल्यामुळे किंवा घास फुप्फुसात गेल्यामुळे होणारी, ती पुष्कळ अंशी टाळता येते. वैद्यकात पहिलीला प्राथमिक इजा आणि दुसरीला दुय्यम इजा म्हणतात. दुय्यम इजा टाळण्याचे बहुतेक काम चोवीस तास खाटेजवळ असणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर यांच्या हातून होते, आणि रुग्ण घरी आला की तेच काम घरच्या माणसांकडे येते. म्हणून ते कसे चालते, हे घरच्यांनाही ठाऊक असायला हवे.

या भागात असे रुग्ण येतात ते ठरावीक कारणांनी. पुणे-बंगळूर महामार्गावर आणि त्याला मिळणाऱ्या गावरस्त्यांवर दुचाकीचे अपघात बाराही महिने होतात. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर अंधारात आदळलेल्या तरुणांची त्यांत भर पडते. पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारायला चढलेला माणूस कौलांवरून घसरतो, कोणी नारळाच्या झाडावरून पडतो आणि मणका मोडून घेतो. पन्नाशी-साठीतल्या माणसांच्या ‘अंगावरून वारे गेले’ असे गावाकडे म्हणतात तो पक्षाघात असतो, आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा मधेच औषध सोडलेला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू ही त्रयी सापडते. याखेरीज आकडी येणारे रुग्ण, कंपवाताचे वृद्ध, आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात विषारी सापाच्या दंशाने अंग लुळे पडलेले शेतकरी असतात. आजार वेगवेगळे असले तरी शुश्रूषेची सूत्रे बरीचशी सारखी आहेत.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो आणि तो साठवून ठेवण्याची सोय त्याच्याकडे नसते. दुसरी अडचण त्याच्या जागेची आहे. मोठ्या माणसाची कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा: आत सुमारे ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के मेंदूभोवतीचे पाणी. मेंदूला सूज आली किंवा आत रक्त साकळले, तर सुरुवातीला थोडे पाणी आणि थोडे रक्त बाहेर सरकून जागा करून देते. ती मर्यादा संपली की आतला दाब झपाट्याने वाढतो. हा दाब एरवी पाऱ्याच्या ५ ते १५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. तो २२ च्या वर टिकून राहिला तर उपचार करावे लागतात, कारण वाढलेल्या दाबाविरुद्ध हृदयाला मेंदूत रक्त ढकलता येत नाही. अशा वेळी शरीराचा रक्तदाब खाली आला तर मेंदूची दोन्हीकडून कोंडी होते. डोक्याच्या गंभीर इजेत वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेल्याचा एखादा प्रसंगही मृत्यूचा धोका लक्षणीय वाढवतो, हे अनेक वर्षांपासून माहीत आहे.

हे लक्षात घेतले म्हणजे वॉर्डात वरवर किरकोळ वाटणाऱ्या सूचनांचा अर्थ लागतो. खाटेचे डोके ३० अंश उंच ठेवतात आणि मान सरळ मधोमध ठेवतात, कारण मान एका बाजूला कलंडली की मेंदूतून खाली येणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त आतच तुंबते. जाड उशी घालून हनुवटी छातीला टेकवली तरी तेच होते. शौचाला कुंथणे, जोराचा खोकला, पोटाशी घट्ट दुमडलेले पाय, यांनीही दाब वाढतो. त्यासाठीच शौचाला मऊ होण्याचे औषध सुरू असते. घशातला कफ यंत्राने ओढताना नळी एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त आत ठेवत नाहीत आणि आधी प्राणवायू देतात. अंघोळ, कूस बदलणे, कफ ओढणे, सुई टोचणे ही कामे एकापाठोपाठ एक उरकून टाकण्यापेक्षा मध्ये विश्रांती देऊन करावी लागतात. खाटेभोवती आठ-दहा पाहुण्यांनी गोळा होऊन मोठ्याने रडू नये, ही विनंतीही केवळ शिस्तीची नसते.

नातेवाइकांकडून नेहमी होणारी एक मागणी म्हणजे, ‘सिस्टर, अशक्त झालाय, ग्लुकोजची बाटली तरी लावा.’ मेंदूला सूज असताना ५ टक्के ग्लुकोजचे द्रावण सहसा टाळतात. त्यातली साखर शरीर वापरून टाकते, मागे नुसते पाणी उरते आणि ते मेंदूच्या पेशींत शिरून सूज वाढवते. अशा रुग्णाला साधे सलाईन दिले जाते आणि रक्तातली साखर स्वतंत्रपणे तपासली जाते. ती तपासणी पहिल्याच मिनिटांत व्हावी लागते, कारण साखर फार खाली गेल्यावरही माणूस पक्षाघात झाल्यासारखा दिसू शकतो.

आता शुश्रूषेच्या सर्वांत मोलाच्या भागाकडे, म्हणजे निरीक्षणाकडे वळू. ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या मेंदूशल्यचिकित्सकांनी १९७४ मध्ये शुद्धीचे माप घेण्याची एक पद्धत मांडली. ती ‘ग्लासगो कोमा स्केल’ किंवा जीसीएस या नावाने आज सर्वत्र वापरली जाते. तीत तीन गोष्टी पाहतात. डोळे आपोआप उघडे असतील तर ४ गुण, हाकेला उघडले तर ३, दाबून दुखवल्यावर उघडले तर २, मुळीच न उघडल्यास १. बोलणे नीट आणि भानावर असल्यास ५, गोंधळलेले असल्यास ४, सुटे शब्द असल्यास ३, नुसते कण्हणे असल्यास २, काहीच नसल्यास १. हालचालीत सांगितलेले ऐकून करणाऱ्याला ६ गुण आणि दुखवल्यावरही काहीच हालचाल न करणाऱ्याला १, मधल्या पायऱ्या त्यांच्या दरम्यान. एकूण जास्तीत जास्त १५, कमीत कमी ३. आठ किंवा त्याहून कमी गुण असलेला रुग्ण गंभीर समजतात, कारण स्वतःचा श्वासमार्ग मोकळा ठेवण्याची त्याची क्षमता भरवशाची राहत नाही. दुखवून पाहण्यासाठी सिस्टर खांद्याजवळचा स्नायू चिमटतात किंवा भुवईच्या हाडावर दाबतात. हे पाहून नातेवाईक संतापतात, म्हणून आधी सांगून करणे केव्हाही बरे.

एका वेळच्या आकड्यापेक्षा तो कसा बदलतो, याला महत्त्व आहे. सकाळी १४ आणि दुपारी १२, हे सकाळपासून स्थिर असलेल्या १० पेक्षा अधिक तातडीचे असू शकते. दोन गुणांची घसरण दिसली की सिस्टरने पुढच्या राउंडची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवायचे असते. सोबत डोळ्यांच्या बाहुल्या पाहतात: दोन्ही सारख्या आहेत का, टॉर्चच्या प्रकाशाने आकुंचन पावतात का. एकच बाहुली मोठी होऊन प्रकाशाला दाद देईनाशी झाली, तर त्या बाजूने मेंदू खाली दबू लागल्याची शक्यता असते आणि मिनिटे मोजावी लागतात. रक्तदाब चढत जाणे, नाडी मंदावणे आणि श्वास अनियमित होणे ही तीन लक्षणे एकत्र दिसणे म्हणजे फार उशीर होत आल्याची खूण. चांगली शुश्रूषा ही खूण दिसण्याच्या आधीच धोका ओळखते.

सीमाभागात या मापनाला एक खास अडचण आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे मला वाटते. बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिकांपैकी अनेकींची मातृभाषा कन्नड असते, काही केरळातून आलेल्या असतात. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीतून आलेल्या आजीबाई आयुष्यभर मराठीतच बोललेल्या असतात. ‘हात वर करा’ हे तिला कन्नडमध्ये सांगितले आणि तिने केले नाही, तर हालचालीचे गुण ६ ऐवजी ५ लिहिले जातात. ‘आपण कुठे आहात’ हा प्रश्न तिला कळला नाही, तर बोलण्याचा एक गुण जातो. मेंदूत काहीही न बदलता दोन गुण कमी! त्याहून वाईट शक्यता उलटी आहे: पहिल्या पाळीत भाषेमुळे १२ लिहिले गेले आणि रात्री खरोखरच ती १२ वर आली, तर घसरण झाल्याचे कोणाच्या लक्षातच येत नाही. निपाणीहून कोल्हापूर किंवा मिरजेला गेलेल्या कन्नडभाषक रुग्णाच्या बाबतीत हीच गोष्ट उलट दिशेने घडते.

यावर उपाय साधा आहे. रुग्ण दाखल होतानाच तो घरी कोणती भाषा बोलतो, ऐकायला कमी येते का, चष्मा आहे का, आधीपासून विसराळूपणा होता का, हे केसपेपरवर लिहिले जावे, आणि हे सांगणे नातेवाइकांचेही काम आहे. पाळी बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोन्ही परिचारिकांनी एकदा सोबत तपासणी केली, तर दोघींचे माप जुळते. प्रश्नही रुग्णाच्या जगातले हवेत. इंग्रजी तारीख कधीच न वापरणाऱ्या शेतकऱ्याला ‘आज तारीख किती’ असे विचारून तो गोंधळलेला ठरवणे अन्यायाचे आहे. गावच्या बाजाराचा वार, नुकताच होऊन गेलेला सण, शेतात सध्या काय उभे आहे, हे विचारले तर खरे उत्तर मिळते. मात्र नातेवाइकाने दुभाष्याचे काम करताना उत्तर सुचवू नये. ‘आई, आपण बेळगावात आहोत की नाही?’ असे विचारल्यावर आलेल्या होकाराला काही अर्थ नसतो.

डोक्याला मार लागलेल्या पण शुद्धीवर असलेल्या माणसाला तपासून घरी पाठवतात, तेव्हा पहिले २४ तास हेच निरीक्षण घरात चालू ठेवायचे असते. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव होतो तेव्हा काही रुग्ण मधले काही तास अगदी ठीक बोलतात आणि मग झपाट्याने ढासळतात. रात्री त्याच्यासोबत कोणीतरी असावे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने त्याला उठवून नाव-गाव विचारावे. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, जागे करण्यास पडणारे कष्ट, हातापायाची कमजोरी, आकडी, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. नाकाकानात कापूस कोंबून तो स्राव अडवू नये. दारू प्यालेल्या माणसाची सुस्ती ‘उतरेल सकाळी’ म्हणून सोडून देणे जिवावर बेतू शकते.

पक्षाघाताच्या बाबतीत घड्याळ हेच पहिले औषध. तोंड वाकडे झाले, एक हात वर धरता येईना, बोलणे अडखळले, की १०८ ला फोन करावा आणि रुग्णाला शेवटचे धडधाकट कधी पाहिले ती वेळ लक्षात ठेवावी. झोपेतून उठताना लक्षणे दिसली असतील तर साधारणपणे वेळ झोपायला गेल्यापासून धरतात. रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. म्हणूनच घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, आणि अंगारा, पाल्याचा रस किंवा मालिश करणाऱ्याचा पत्ता शोधण्यात तो वेळ घालवू नये. इंजेक्शन दिल्यावर शुश्रूषेची कसोटी लागते: पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, पुढचे ६ तास दर अर्ध्या तासाने आणि मग २४ तास पूर्ण होईपर्यंत दर तासाला रक्तदाब आणि शुद्धी तपासायची, रक्तदाब १८०/१०५ च्या आत ठेवायचा. या काळात डोके अचानक दुखू लागले किंवा उलटी झाली तर मेंदूत रक्तस्राव झाल्याचा संशय घ्यावा लागतो.

यानंतरचा धोका घरच्यांच्या प्रेमातून येतो. पक्षाघातात जिभेचे आणि घशाचे स्नायू दुबळे होतात, घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि काही दिवसांत न्यूमोनिया होतो. अनेकांना अशा वेळी ठसकाही लागत नाही, कारण घशाची संवेदनाच गेलेली असते. त्यामुळे ‘चांगले प्यायले की पाणी’ या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही द्यायचे नाही, हा नियम आहे: गोळी नाही, चहाचा घोट नाही, आणि देवळातून आणलेले तीर्थही नाही, ते ओठांना लावावे. तपासणीसाठी रुग्ण पूर्ण जागा आणि बसलेला हवा. प्रशिक्षित परिचारिका आधी चमच्याने थोडे पाणी देऊन पाहते, आणि ते जमले तर ९० मिलिलिटर पाणी न थांबता प्यायला देऊन खोकला येतो का, आवाज ओलसर किंवा घोगरा होतो का, हे पाहते.

गिळणे कमजोर असलेल्यांना सर्वांत अवघड जाते ते पाणी, कारण ते सर्वांत वेगाने घसरते. दाटसर नाचणीची आंबील, कुस्करलेला मऊ दहीभात, मऊ शिजवून घोटलेली भाजी, असे एकजीव पदार्थ सोपे जातात. पातळ आमटीत कालवलेला मोकळा भात फसवा असतो: भात तोंडात राहतो आणि आमटी पुढे पळते. रुग्णाला ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगावे, घास लहान असावा, तोंडाच्या चांगल्या बाजूने द्यावा आणि आधीचा गिळल्याखेरीज पुढचा देऊ नये. जेवण झाल्यावर किमान अर्धा तास आडवे करू नये. नाकातून पोटात नळी घातलेली असेल तर प्रत्येक वेळी नळीवरची खूण जागेवर आहे हे पाहावे, डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवूनच अन्न सोडावे, शेवटी पाण्याने नळी धुवावी आणि मध्येच खोकला किंवा धाप लागली तर लगेच थांबावे. नळीने जेवणाऱ्याचेही तोंड दिवसातून निदान दोनदा मऊ ब्रशने स्वच्छ करावे लागते, कारण लाळेतले जंतूच फुप्फुसात जातात. या भागातल्या अनेक वयस्क बायकांना मिश्री लावायची सवय असते आणि ‘तोंडाला चव नाही’ म्हणून त्या ती मागतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. ती द्यायची नाही.

कातडीची काळजी ऐकायला सोपी आणि करायला फार चिकाटीची आहे. अंग हलवता न येणाऱ्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर, कमरेच्या बाजूच्या हाडांवर आणि डोक्याच्या मागे सतत दाब राहतो, तिथले रक्त अडते आणि काही तासांतच जखमेची सुरुवात होऊ शकते. दर दोन तासांनी कूस बदलणे हा मूळ उपाय. पूर्ण कुशीवर न झोपवता पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलते ठेवले, तर कमरेच्या हाडावर भार येत नाही. पोटरीखाली उशी घेऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. एअर बेड उपयोगी आहे, पण एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची गरज नाही, हा समज अनेक घरांत जखमा करून जातो. भोक असलेली रबरी गोल उशीही वापरू नये, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी अडतो. लाल झालेली जागा चोळू नये. बोटाने दाबून सोडल्यावर लाली क्षणभरही पांढरी पडत नसेल, तर इजा सुरू झाली असे समजून त्या जागेवर भार देणे पूर्ण बंद करावे. रुग्णाला वर सरकवताना काखेत हात घालून ओढले की कातडी गादीला चिकटून आतल्या आत फाटते. जुने मऊ लुगडे चौघडी करून पाठीपासून मांड्यांपर्यंत अंथरले आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी उचलून सरकवले, तर कातडी आणि उचलणाऱ्याची कंबर दोन्ही वाचतात.

लुळ्या हाताला धरून रुग्णाला उठवू नये. खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा निसटतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. बसताना तो हात मांडीवर उशी घेऊन टेकवावा, लोंबकळू देऊ नये. संवेदना गेलेल्या अंगाला गरम विटेचा किंवा पिशवीचा शेक देताना भाजल्याचे रुग्णाला कळत नाही. एक पोटरी सुजली, गरम लागली, तर तेल लावून रगडू नये. शिरेत गुठळी झालेली असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

मेंदूच्या उजव्या भागातल्या पक्षाघातानंतर काही रुग्ण डाव्या बाजूचे जगच विसरतात. दिसत नाही असे नाही, पण लक्ष तिकडे जात नाही. ताटातली उजवीकडची भाकरी खातात, डावीकडची भाजी तशीच राहते, आणि वाढणारी सून म्हणते, ‘मामंजी आता जेवणात कुरकुर करतात.’ अर्धीच दाढी करतात, दाराच्या डाव्या चौकटीवर आपटतात. पाण्याचा तांब्या आणि बोलावण्याची घंटी उजवीकडे ठेवावी, मात्र बोलायला, औषध द्यायला मुद्दाम डाव्या बाजूने जावे आणि त्यांना मान वळवायला लावावी.

बोलण्याची बाब या प्रदेशात आणखी गुंतागुंतीची आहे. मेंदूचा डावा भाग दुखावला की बहुतेकांची भाषा बाधित होते. समजते पण बोलता येत नाही, किंवा अस्खलित पण निरर्थक बोलले जाते. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या माणसाच्या दोन्ही भाषा सारख्याच बिघडतात आणि सारख्याच परत येतात असे नाही. एखाद्याची कन्नड आधी सुधारते आणि घरच्यांना वाटते की तो मुद्दाम मराठी टाळतो आहे. म्हणून दोन्ही भाषांत बोलून पाहावे, जिच्यात प्रतिसाद मिळेल ती धरावी आणि हे वाचा-उपचारतज्ज्ञाला सांगावे. एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीत उत्तर देता येईल असा, आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ. मोठ्याने ओरडून काही होत नाही. त्यांचे कान शाबूत असतात. स्वतःचे नाव सांगू न शकणारा माणूस पाठ असलेली आरती किंवा एक ते दहा आकडे सलग म्हणू शकतो, कारण तोंडवळणी पडलेली वाक्ये वेगळ्या मार्गाने येतात. त्याचा उपयोग जीभ मोकळी करायला होतो, पण आरती म्हटली म्हणून सगळे समजते असे गृहीत धरून कागदावर अंगठा घेऊ नये.

मणक्याच्या इजेत शुश्रूषा अपघाताच्या जागीच सुरू होते. पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलून टमटममध्ये बसवणे, हे अर्धवट दुखावलेला मज्जारज्जू पूर्ण निकामी करण्यास पुरेसे ठरते. रुग्णवाहिका येईपर्यंत हलवू नये. हलवावेच लागले तर एकाने डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरावी, तिघांनी अंग धरावे आणि डोके धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर सर्वांनी एकाच वेळी, मान आणि धड एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावे. पुढे आयुष्यभर लघवीचे व्यवस्थापन हाच अशा रुग्णाच्या शुश्रूषेचा कणा असतो. कायमची नळी ठेवण्यापेक्षा दर ४ ते ६ तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करणे पुष्कळांना जमते आणि जंतुसंसर्ग कमी होतो. कायमची नळी असेल तर पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकणारी असावी. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल तर आणखी एक धोका घरच्यांना शिकवून ठेवावा लागतो: अचानक तीव्र डोकेदुखी, चेहऱ्यावर घाम आणि लाली, आणि फार चढलेला रक्तदाब. कारण बहुधा तुंबलेली लघवी किंवा साठलेला मळ असते. लगेच ताठ बसवावे, घट्ट कपडे सैल करावेत, नळी पिळवटली आहे का ते पाहावे. लघवी मोकळी झाल्यावरही उतार पडला नाही तर दवाखाना गाठावा.

मण्यार सापाचा दंश मेंदूची इजा नव्हे, पण शुश्रूषेच्या दृष्टीने त्याच्याइतके शिकवणारे उदाहरण नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, दाताची खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि श्वासाचे स्नायू थांबतात. प्रतिविष आणि व्हेंटिलेटर वेळेवर मिळाले तर माणूस काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ण बरा होऊ शकतो. मधल्या काळात तो डोळे उघडत नाही, बोट हलवत नाही, बाहुल्याही मोठ्या आणि स्थिर असू शकतात, आणि पाहणाऱ्याला तो गेल्यात जमा वाटतो. परंतु त्याचा मेंदू जागा असतो. त्याला ऐकू येते, टोचलेले दुखते. अशा रुग्णाच्या उशाशी बसून क्रियाकर्माची किंवा खर्चाची चर्चा करणे अघोरी आहे. सिस्टरने प्रत्येक काम करण्यापूर्वी ‘काका, आता कूस बदलते’, ‘आता घशातला कफ काढते, थोडे गुदमरल्यासारखे होईल’ असे सांगावे. घरच्यांनी वार, वेळ, गावची खबर सांगत राहावी. न मिटणारे डोळे मलम घालून आणि पट्टीने झाकून सुकण्यापासून वाचवावे लागतात. खरे तर कोणत्याही बेशुद्ध दिसणाऱ्या रुग्णाशी असेच वागायला हवे.

आकडीत कांदा, चप्पल किंवा किल्ल्या कशाचाच उपयोग नाही आणि दातांत चमचा घालणे घातक आहे. कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावे. झटका ५ मिनिटांहून जास्त चालला किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला तर १०८. आकडीच्या गोळ्या ‘आता बरे आहे’ म्हणून परस्पर थांबवणे हे पुढच्या झटक्याचे अगदी नेहमीचे कारण आहे. नळीतून फेनिटॉइन देत असल्यास अन्नासोबत दिल्याने ते कमी शोषले जाते, त्यामुळे आधी आणि नंतर किती वेळ अन्न थांबवायचे हे विचारून घ्यावे. कंपवाताच्या रुग्णाची लेव्होडोपाची गोळी वॉर्डाच्या वेळेने नव्हे, त्याच्या ठरलेल्या वेळेने द्यावी लागते. तासाभराचा उशीरही त्याला खाटेवर खिळवून ठेवू शकतो.

डिस्चार्जच्या दिवशी हातात येणारे कार्ड इंग्रजीत असते, आणि बिल भरण्याच्या व गाडी ठरवण्याच्या घाईत ते समजावून घेतले जात नाही. घरी जाण्याच्या किमान दोन-तीन दिवस आधीपासून, प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या व्यक्तीने, कर्त्या पुरुषाने नव्हे, सिस्टरच्या समोर स्वतः नळीतून अन्न देऊन, कूस बदलून आणि लघवीची पिशवी रिकामी करून दाखवावे. पाहिलेले आणि केलेले यांत फार फरक पडतो. गोळ्यांचे वेळापत्रक मराठीत लिहून भिंतीला लावावे. खाट सेवा करणाऱ्याच्या कमरेपर्यंत येईल इतकी, पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे देऊन उंच करावी. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते, आणि ते हट्ट, जेवण नाकारणे, व्यायामाचा कंटाळा अशा रूपांत दिसते. पुढच्या भेटीत ते डॉक्टरांना सांगावे, त्यावर औषध आहे. रात्रीच्या दोन कुशी कोणी बदलायच्या हे घरात आधीच वाटून घ्यावे, कारण दिवसभर शेत आणि चूल सांभाळणारी एकटी बाई रात्री दर दोन तासांनी उठू शकत नाही, आणि रुग्णाच्या माकडहाडावरची जखम बहुतेक वेळा त्या न वाटलेल्या रात्रींतच होते.